बिनखिशाचा कोट

टेपबाईंच्या कोटाला खिसा नव्हता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असे अकरा कोट झाले. सगळे पांढऱ्या जाड कापडाचे, गुडघ्याखाली पोचणारे, आणि एकालाही खिसा नाही, कॉलर नाही, बाहीला दुमड नाही. गुंड्यासुद्धा आतल्या बाजूने. ज्या शेतात जनुक बदललेली मका चाचणीसाठी लावलेली असते, तिथे जाऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगावर परागाचा कण किंवा पानाचा तुकडा लपायला जागा असता कामा नये, असा नियम. नियम करणाऱ्यांनी तो दोन ओळींत लिहिला आणि हात झटकले. कोट शिवायला लागले बाईंचे यजमान.

यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. "खिसा न लावणारा मी जगातला एकटाच शिंपी," ते गिऱ्हाइकांना सांगत. "बायको सरकारी नोकरीत. वरकमाई ठेवायला जागाच ठेवली नाही!" हा विनोद त्यांनी सत्तावीस वर्षं केला आणि बाईंनी सत्तावीस वर्षं ऐकला. संसार म्हणजे दुसरं काय असतं?

टेपबाई हे नाव लोकांनी पाडलेलं. चाचणीच्या मकेपासून दुसऱ्या कुणाचीही मका तीनशे मीटर लांब हवी. हल्ली हे अंतर आकाशातून मोजून मिळतं, तरी बाई पन्नास मीटरची टेप घेऊन स्वतः चालत. "वरून बघणाऱ्याला बांध दिसतो, बांधावर कुणी चार दाणे टोचलेत ते दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि टोचलेले असतच. मग ती चार ताटं उपटायची, मालकाची बोलणी खायची, नोंद करायची. हंगाम संपला की चाचणीची ताटं आपल्या डोळ्यांदेखत जाळून घ्यायची. पुढची दोन वर्षं त्याच मोकळ्या शेतात फिरायचं, कारण मातीत सांडलेला एखादा दाणा उगवून येतोच. तोही उपटायचा. जन्मभर उगवलेलं उपटायची नोकरी! लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करता, तर सांगायला बरं नाही.

बोलणी मात्र दोन्हीकडून. चाचणी करणारे शास्त्रज्ञ म्हणत, या बाईने संशोधनाची वाट अडवली. चाचणीला विरोध करणारे फाटकाशी पाट्या धरून बसत आणि म्हणत, ही बाई विकली गेली. कुठल्याही समारंभात एक तरी जाऊ किंवा नणंद कोपऱ्यात गाठून विचारी, "ए, खरं सांग, ते खाल्लं तर काय होतं गं?" बाई म्हणत, "मला विचारू नका. मी अंतर मोजते." सुरुवातीला त्यांचं काही मत होतं. तावातावाने मांडायच्याही. पण मत बाळगायलासुद्धा अंगात ताकद लागते, आणि ती टेप ओढण्यात खर्च होत गेली.

एक नियम मात्र त्यांनी मनापासून मानला होता: बाहेरून आत. आधी आजूबाजूची शेतं तपासायची, मग चाचणीचं शेत, आणि तिथून सरळ घर. आतून पुन्हा बाहेरच्या शेतात कधीही जायचं नाही, कारण आतलं काय अंगाला लागलंय ते डोळ्यांना दिसत नाही. नव्या माणसांना शिकवताना त्या म्हणत, "हात धुऊन जेवतो ना आपण? जेवून झाल्यावर धुतले म्हणून पोटात गेलेलं बाहेर येत नाही."

गेल्या वर्षापासून त्या दमायला लागल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते. उजवा गुडघा चढावर कुरकुरायचा, उतारावर ओरडायचा. त्यापेक्षा डोळ्यांनी छळलं. पानाची तपासणी म्हणजे मोठी कसरत नव्हे. पान छोट्या नळीत घालायचं, वर दोन थेंब औषध टाकायचं, प्लास्टिकच्या काडीने चुरायचं आणि त्यात कागदी पट्टी बुडवायची. पट्टीवर एक रेघ उमटली की पान साधं. दोन उमटल्या की बदललेलं. पण ती दुसरी रेघ कधीकधी केसाएवढी बारीक, आणि बाईंना चाळिशीशिवाय आपली बोटंही दिसेनाशी झाली होती. चष्मा डोक्यावर ठेवला तर खाली वाकताना पडायचा. दोरीने गळ्यात अडकवला तर पानांत गुंतायचा. दोन वर्षांत तीन चष्मे त्यांनी शेतांना अर्पण केले.

शेवटी या हंगामात त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, कोटाला एक खिसा लावून द्या. आतून. चष्म्यापुरता."

यजमानांनी मशीन थांबवलं. "आणि नियम?"

"नियमाला चाळिशी लागत नाही. मला लागते."

त्यांनी लावून दिला. इतका बेमालूम, की कोट झटकला तरी कळू नये. सत्तावीस वर्षं हात शिवशिवत होते त्यांचे.

चाचणीच्या शेतापासून साडेतीनशे मीटरवर मावशींची मका होती. मावशी कुणाच्या मावशी होत्या कोण जाणे, सगळा परिसर त्यांना मावशीच म्हणे. बुटकी, लवकर येणारी, पांढऱ्या दाण्याची मका त्या अकरा वर्षं निवडत आल्या होत्या. दर हंगामात शेतात हिंडून स्वतःच्या हाताने उत्तम कणसं बाजूला काढायची, त्यांचेच दाणे पुढच्या वर्षी पेरायचे. अर्धा एकर शेत आणि घरात फळीवर बियाण्याचे डबे. चाचणीला परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज याच बाईचा होता. "वारा इकडेच वाहतो, तो काय तुमची टेप बघून थांबणार आहे?" असं त्यांनी भर सभेत विचारलं होतं. पण नियम झाला म्हटल्यावर त्यांनी तो अक्षरशः पाळला, आणि टेपबाई आल्या की स्वतः बांधावर येऊन उभ्या राहत. "आलात का डॉक्टरीणबाई नाडी बघायला? बघा बघा. जित्ती आहे अजून."

त्या मंगळवारी टेपबाईंनी सात काड्या घेतल्या. बाहेरच्या पाच ठिकाणांसाठी पाच, चाचणीच्या शेतासाठी एक, आणि एक जादा. एक काडी एकदाच वापरायची, मग ती सीलबंद पिशवीत. बाहेरची पाचही पानं नळ्यांत चुरून झाली. मग चाचणीच्या शेतातलं एक, म्हणजे पट्ट्या नीट काम करतात ना ते समजावं म्हणून. शेवटी फाटकाजवळच्या टेबलावर सगळ्या नळ्या रांगेत मांडल्या, आणि बघतात तर चार नंबरच्या नळीचं झाकण निघालेलं, रस सगळा सांडलेला. चार नंबर मावशींचा.

नियमाने उद्या यायला हवं होतं. नवा कोट घालून, बाहेरून सुरुवात करून. पण उद्या येणं म्हणजे जाऊन-येऊन चार तास बस आणि तो फाटकाचा चढ. बाई मनात म्हणाल्या, आता इथवर आलेच आहे तर.

या एका वाक्याने माणसांची जेवढी वाट लावली आहे, तेवढी शत्रूंनीही लावली नसेल.

मावशींच्या शेतात जाऊन त्यांनी पान तोडलं, चष्म्यासाठी खिशात हात घातला, चष्म्याबरोबर काडी हाताला लागली, तिने पान चुरलं, पट्टी बुडवली. पाच मिनिटांनी दोन रेघा. त्याच नळीत दुसरी पट्टी बुडवायची असा नियम. पुन्हा दोन.

"काय झालं?" मावशी बांधावरून म्हणाल्या. "तोंड का उतरलं?"

बाईंनी पट्टी दाखवली. मावशींना अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. आज पान असं निघालं याचा अर्थ गेल्या हंगामातच पराग उडून आला आणि दाण्यात शिरला. म्हणजे उभं शेतही गेलं आणि घरातल्या डब्यांतलं बियाणंही गेलं. कुठला दाणा चांगला, कुठला नाही, ते आता देवालाच ठाऊक.

"गेल्या वर्षीचा वारा," मावशी म्हणाल्या. "मीच ओरडत होते, नाही का? खरी ठरले. आनंद व्हायला हवा." मग थोड्या वेळाने, "कधीपर्यंत उपटायचं?"

"गुरुवारी सकाळी दहापर्यंत. तुरे फुटायच्या आत. खात्याची माणसं येतील."

"बरं."

बाईंनी शेताभोवती खात्याची पिवळी फीत बांधली. मावशी तोवर एकच वाक्य बोलल्या, तेही फितीकडे बघत. "अकरा वर्षं, बाई."

घरी आल्या त्या मागच्या दाराने, रोजच्यासारख्या. कोट पायरीवर काढला, अंघोळ केली, आणि न जेवता भिंतीला टेकून बसल्या. उजेड अजून होता. यजमान कोट उलटा करून बादलीत घालायला निघाले आणि सवयीने आधी खिसा चाचपला. शिंप्याचा हात.

"अहो सरकार, ही काय कान कोरायची व्यवस्था?" त्यांनी एक पांढरी काडी पुढे धरली.

काडी कोरी होती. स्वच्छ, कोरडी, कारखान्यातून आल्यासारखी.

बाई उठल्या, वापरलेल्या काड्यांची सीलबंद पिशवी आणली आणि बाहेरूनच मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. पाच बाहेरच्या, एक चाचणीच्या शेतातली, आणि मावशींकडे परत गेल्या तेव्हाची जादा, अशा सात हव्या होत्या. सातवी कोरी हातात होती. मग मावशींचं पान चुरलं कशाने?

आठवायला फार कष्ट पडले नाहीत. चाचणीच्या शेतात पान चुरून झालं, नळीवरचा नंबर वाचायचा होता, दोन्ही हात गुंतलेले. जादा कोरी काडी होती त्याच खिशात ही वापरलेली टाकली आणि चष्मा काढला. तीच काडी. आतल्या मकेचा रस लागलेली. तीच मावशींच्या नळीत फिरवली. दोन रेघा येणार नाहीत तर काय होईल? दोन्ही पट्ट्या त्याच नळीतल्या.

यजमानांना सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "खिसा मी लावला."

"मी सांगितला म्हणून लावलात."

"चार महिने राहिलेत तुझे."

"मला मोजता येतं."

ते उठून दुकानातून ब्लेड घेऊन आले आणि खिशाची शिवण उसवायला बसले. बाईंनी कोट ओढून घेतला. "राहू द्या. पुरावा आहे तो."

सकाळी साडेदहाला त्या साहेबांसमोर बसल्या होत्या. साहेब वयाने मुलासारखा. नोकरीला लागला तेव्हा टेपचं दुसरं टोक धरून बाईंमागे धावायचा. आता खोली, पंखा आणि फायलींचा डोंगर असं सगळं त्याच्या नावावर झालं होतं. त्याने सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं.

"बाई, फेरतपासणी लावायची तर तुम्हाला लिहून द्यावं लागेल की चूक तुमची."

"म्हणून तर आले."

"मग या हंगामातल्या तुमच्या बावीसच्या बावीस तपासण्या संशयात जातात. तो खिसा सगळीकडे फिरलाय. परत करायला माणसं कुठून आणू? आणि तुम्हाला त्याच दिवशी शेतावरून काढावं लागेल. निरोप समारंभात काय वाचून दाखवू?"

"काही वाचू नकोस. मला कंटाळा येतो भाषणांचा."

साहेब पुढे वाकला. "उद्या दहा वाजता उपटून टाकतील. विषय संपेल. शंका असली की सावधगिरीच्या बाजूने जायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शंका असली की. मला शंका नाही, खात्री आहे."

"आणि फेरतपासणीतही दोनच रेघा आल्या तर? वारा काय तुमच्या खिशात नव्हता. तेलही गेलं आणि तूपही गेलं. मावशींचं शेत जाईल ते जाईलच, वर तुमचं नाव."

हे मात्र खरं होतं. रात्रभर बाईंनी तेच उलटंपालटं केलं होतं. त्यांची खात्री काडीबद्दल होती, मकेबद्दल नव्हती.

"कागद दे," त्या म्हणाल्या.

अर्धं पान झालं. 'मी कोटाला आतून खिसा लावून घेतला होता' इथपासून सुरुवात. साहेबाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "चष्म्यासाठी? अहो बाई, मला सांगितलं असतंत तर…"

"तर काय केलं असतंस?"

साहेबाने खरोखर विचार केला. "समिती नेमली असती," तो म्हणाला, आणि दोघांनाही नको असताना हसू आलं.

फेरतपासणीला शेजारच्या विभागातला तपासनीस दिला. त्याला सगळं खातं गोगलगाय म्हणतं. तो बसमध्ये चढतो तेव्हा मागची दोन माणसं कंटाळून चालत निघून जातात, अशी ख्याती. बाईंनी घाईघाईत कचेरीत ठेवलेला जुना कोट चढवला, दहावा, बिनखिशाचा, आणि त्याच्याबरोबर निघाल्या. निम्म्या वाटेत लक्षात आलं की चष्मा साहेबाच्या टेबलावर राहिला. ठेवणार कशात?

मावशींच्या शेताशी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती, आणि पूर्वेकडची बाजू मोकळी दिसत होती. आठ ओळी उपटून ताटांचा ढीग रचलेला, त्यावर मावशी बसलेल्या, हात कोपरापर्यंत मातीत.

"उद्या सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"वाईट काम आपल्या हाताने उरकावं. परक्या माणसांनी येऊन ओढलेलं बघवलं नसतं." मावशींनी गोगलगायीकडे पाहिलं. "हे कोण?"

बाईंनी सांगितलं. काहीही न झाकता, खिशापासून काडीपर्यंत. मावशी ऐकत राहिल्या.

"खिशामुळे?"

"खिशामुळे. आणि परत आत-बाहेर केलं त्यामुळे."

"या आठ ओळी सगळ्यांत सरस होत्या," मावशी म्हणाल्या. "दर वर्षी कणसं इथलीच निवडते मी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना हलकं वाटलं असतं.

गोगलगायीने काम सुरू केलं. दहा ठिकाणं, दहा नळ्या, दहा काड्या. प्रत्येक वेळी हातमोजे बदलायचे, काडी पिशवीत टाकायची, पिशवी बंद करायची, मग बंद झाली ना ते परत बघायचं. बाईंना फितीच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. त्या बाहेर बांधावर गुडघा चोळत बसल्या, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाच्या संथपणाचा राग आला नाही. बघवत मात्र नव्हतं. मावशी ढिगावरून उठून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. दोघींत हातभर अंतर.

"गुडघा का?"

"हं."

"माझी कंबर आहे. सकाळपासून वाकून वाकून."

पाऊण तासाने गोगलगायीने बांधावर पांढरा कागद पसरला, चार खडे ठेवले आणि दहा पट्ट्या ओळीने मांडल्या. घड्याळ बघत उभा राहिला. पाच मिनिटं. पाचाची सहा झाली तरी तो बोलेना, तो नोंदवहीत आधी तारीख लिहीत होता.

बाई कागदावर वाकल्या. पांढऱ्यावर पांढरं, आणि त्यात काहीतरी धूसर. एक आहे की दोन, त्यांना काही केल्या दिसेना.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही. चष्मा राहिला. किती रेघा?"

मावशींनी मातीचे हात पाठीमागे बांधले, कागदाला लागू नयेत म्हणून, आणि नाक टेकवण्याइतक्या खाली वाकल्या.

"एक," त्या म्हणाल्या. "एक. हिलाही एक. एक." पुढे सरकत गेल्या. सातवीपाशी थांबल्या.

"काय?"

"सावली पडली होती माझी. एक." आठ. नऊ. दहावीकडे त्या सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिल्या. "एक," त्या म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या.

"दहाच्या दहा साध्या," गोगलगायीने शेवटी डोकं वर केलं. "मी तेच सांगणार होतो."

कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. मावशी पदरात तोंड लपवून रडल्या वगैरे नाहीत, आणि टेपबाईंनाही सुटल्यासारखं वाटलं नाही. त्या आठ ओळींची ताटं ऊन लागून मान टाकायला लागली होती, आणि त्यांच्याकडे न बघता बसता येत नव्हतं.

"डबे ठेवू ना घरातले?" मावशींनी विचारलं.

"ठेवा."

"मग ही फीत सोडा. तुम्ही बांधलीत, तुम्हीच सोडा."

बाईंनी गोगलगायीकडे पाहिलं. आता त्यांना कशालाही हात लावायचा अधिकार नव्हता. गोगलगाय पाठ फिरवून नोंदवही मांडीवर घेऊन बसला. "मी लिहितोय," तो म्हणाला. "मला वेळ लागतो."

बाईंनी कोपऱ्यावरची गाठ धरली. स्वतःच काल घट्ट मारलेली दुहेरी गाठ. बोटांना सापडेना, डोळ्यांना दिसेना. नखं लावून पाहिली, गाठ आणखी आवळली.

"सरका," मावशी म्हणाल्या. "बांधतानाच जरा कमी जोर लावत जा." आणि मातीच्या हातांनी त्यांनी ती सोडवली.

फीत घडी करून मावशींनी बाईंच्या हातात दिली. बाईंचा हात सवयीने कोटावर गेला, ठेवायला जागा शोधत, आणि रिकामाच परत आला. मग ती फीत मुठीत धरूनच त्या बसच्या रस्त्याला लागल्या. उद्यापासून बसून शिक्के मारायचे होते, चार महिने. आधी बावीस तपासण्यांची यादी साहेबाला काढून द्यायची होती, आणि ती त्यांच्याच अक्षरात असल्यामुळे वाचायला चष्मा लागणार होता.